फाटकाबाहेर गेलेलं फळ

सोमवार, ३ मार्च

सात डायपर! वापरलेले. बायकांच्या संडासात, हात धुवायच्या बेसिनमध्ये, एकावर एक रचून ठेवलेले. शेजारी कचऱ्याचा डबा रिकामा!

रविवार झाला की सरोवराकाठच्या या उद्यानात मला माणसांची शिसारी येते. बाकांखाली कोंबडीची हाडं, माशांची डोकी, अर्धवट चावलेल्या चपात्या. जेट्टीवर एक कवळी सापडली. दातांची कवळी कोण विसरतं? घरी जाऊन जेवायला बसल्यावर तरी कळायला नको?

माझ्या बिल्ल्यावर लिहिलंय ‘पर्यटक सुविधा’. म्हणजे संडास मी, बाकं मी, फाटकावर पिशव्या तपासणारा मी. नियमांची पाटीही मीच रंगवली, चौदा नियम, लाल अक्षरात. काल एकाने त्या पाटीला टेकून वानराला बिस्किट दिलं. नियम चौथा त्याच्या डोक्यामागेच होता! मी दाखवला तर म्हणतो, “काका, वानराला कुठे वाचता येतं?” आणि सगळं कुटुंब खिदळलं.

मंगळवार, ४ मार्च

वादळ. बोटीची फेरी बंद ठेवली. एकही पर्यटक नाही. देव दयाळू आहे.

गुरुवार, ६ मार्च

देवाबद्दल परवा जे लिहिलं ते मागे घेतो.

ओडेरोची होडी आमच्या जेट्टीजवळ जलपर्णीत अडकलेली मिळाली. पालथी. आत कोणी नाही. ओडेरो माझ्या चुलतभावाचा मुलगा, मंगळवारी वादळाआधी मासेमारीला गेलेला. भाऊ कधीच गेला, आता पोराचंही हे. त्याची आई आमच्या कुंपणापलीकडे वाळूवर मासे वाळवते. इम्बो तिचं माहेर, म्हणून सगळे तिला ‘इम्बोची’ म्हणतात. मी वहिनी म्हणतो.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून होडीच्या फळ्यांवर हात फिरवत होती. आणि जेट्टीवर आमचे पाहुणे — फोन वर करून — फोटो! एका बाईने मला विचारलं, “ही होडी प्रदर्शनाची आहे का? तिकिटात येते?”

मी थुंकलो. (नियम सहावा. माझाच.)

रविवार, ९ मार्च

शोध थांबवला. कोळी म्हणतात, सरोवर ज्याला परत देतं त्याला तीन दिवसांत देतं.

आजही संडास तुंबला. आत मक्याचं कणीस होतं. अख्खं!

शुक्रवार, २१ मार्च

घराण्यातले म्हातारे आज इम्बोचीच्या अंगणात बसले होते. मीही गेलो. सतरा दिवस झाले. मृतदेह नाही तर यागोचं फळ पुरायचं, ही आपली रीत आजोबा-पणजोबांपासून. हातभर लांब, दुधीसारखं, वजनाला तान्ह्या मुलाएवढं. कापडात गुंडाळायचं, माणसाचं नाव द्यायचं आणि माणसासारखं रडून पुरायचं. नाहीतर त्याचा जीव पाण्यावर भटकत राहतो आणि घराला सुख लागू देत नाही.

पण यागोचं झाड आहे कुठे? काठावरची सगळी कोळशासाठी तोडली आपल्याच लोकांनी. एक उरलंय, उद्यानात, सहलीच्या बाकांच्या मागे. आणि नियम नववा: उद्यानातली कोणतीही नैसर्गिक वस्तू, जिवंत वा मृत, बाहेर नेण्यास सक्त मनाई.

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. सगळ्यांत थोरला ओगोला म्हणाला, “फाटकावर कोण असतं रे? तूच ना ओबुरा? का तिथे उभा राहून तूही वानर झालास?”

मी म्हणालो, उद्यानाच्या साहेबांना रीतसर विचारतो. चोरून नको.

इम्बोची मासे उलटे-सुलटे करत होती.

शनिवार, २२ मार्च

अर्ज मीच लिहिला. वहिनीने अंगठा उठवला. तिला घेऊन मुसेम्बीसाहेबांच्या खोलीत गेलो. साहेब लांबच्या मुलखातले, डोंगराळ कोरड्या भागातले. सरोवर पहिल्यांदा पाहिलं ते इथे नेमणूक झाल्यावरच.

त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग हसले!

“फळ पुरणार? आज फळ मागता, उद्या दगड मागाल, परवा पाणघोडा! नियम म्हणजे नियम. तो काय मी केला? पाटी तर तुम्हीच रंगवलीत ओबुरा.”

वहिनी उभीच होती. तिला बसा म्हणाले नाहीत. मुलगा गेलेल्या बाईला खुर्ची द्यायला कुठल्या वरिष्ठाची सही लागते? पाहुण्यांसाठी खोलीत चार खुर्च्या आहेत, गादीच्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “वहिनी, माफ कर. माझी मान खाली गेली.”

म्हणाली, “नाही म्हणाले ना? बरं झालं.”

टोमणाच असणार. लागायचा तिथे लागला.

रविवार, २३ मार्च

लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

दुपारी एका बड्या माणसाच्या मुलीच्या लग्नाची मंडळी आली, फोटो काढायला. चौदा गाड्या. भोंगे वाजवत (नियम दुसरा), ढणढणा गाणी लावून (नियम तिसरा). नवरीला यागोची लाल फुलं हवी होती, हातात धरायला. साहेब स्वतः धावले. “शिडी आणा! ओबुरा, शिडी धरा!”

मी धरली. हो, मीच धरली!

फुलं काढताना फांदी मोडली. तिच्यावरची दोन फळं धपकन खाली पडली. नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना लाथा मारत फुटबॉल खेळला. साहेब बाजूला टाळ्या वाजवत होते. खेळ संपल्यावर फुटलेली फळं उचलून मी खड्ड्यात टाकली. कारण ‘पर्यटक सुविधा’!

कुंपणच शेत खातं ते हे असं. काल एका आईला नियम नववा, आणि आज शिडी!

जाताना त्यांनी बाकांवर काय काय ठेवलं ते लिहीत नाही. पानालाही किळस येईल.

सोमवार, २४ मार्च

काम केलं.

झुंजूमुंजू होताच आत गेलो. तीच शिडी. चांगलं फळ निवडलं, डाग नसलेलं, सरळ. देठ कापल्यावर एवढं जड लागलं की शिडीवरून पडता पडता राहिलो. संडास धुवायच्या बादलीत ठेवलं, वर फडका टाकला आणि फाटकातून सरळ बाहेर. पिशव्या तपासणारा मीच. माझी बादली कोण तपासणार?

मजा वाटत होती, खरं सांगायचं तर. साहेबांचं तोंड डोळ्यांपुढे आणत होतो. हस आता!

वहिनी चुलीपाशी होती. मी फळ तिच्यापुढे ठेवलं. ती बघतच राहिली. हात लावेना.

“भावजी, साहेब नाही म्हणाले होते ना?”

“साहेब गेला खड्ड्यात!”

“मी म्हाताऱ्यांना सांगितलं होतं, परवानगी मिळत नाही, काय करू. ते गप्प बसले होते. मला अजून एक पौर्णिमा थांबायचं होतं.”

“थांबून काय होणार वहिनी? वीस दिवस झाले. लोक नावं ठेवतील. त्याचा जीव तिकडे थंडीत कुडकुडतोय आणि तू वाट बघतेस?”

हे मी म्हणालो. तिने मग पदर पसरून फळ मांडीवर घेतलं. वजनाचा अंदाज घेतल्यासारखं जरा वर-खाली केलं. “जन्मला तेव्हा यापेक्षा हलका होता,” म्हणाली.

मी निघालो. आठ वाजता साहेबांनी विचारलं, “झाडाखालची मोडलेली फांदी हलवली का?” म्हटलं, हलवली. एवढंच. फळं काही त्यांनी मोजलेली नाहीत.

गुरुवार, २७ मार्च

पुरलं.

ओडेरोच्या निळ्या शर्टात गुंडाळलेलं. बटणं वहिनीने लावली. त्याची बायको डोकं आपटत होती. शेजारणी तिला धरून होत्या. बैल आणला होता, दोनशे-अडीचशे माणूस जेवला. ओगोलाने खड्ड्यावर उभं राहून सांगितलं, “ऐका सगळे. यागो पुरला, ओडेरो मेला. त्याची झोपडी मोडा, त्याच्या बायकोला दिराने सांभाळावं. आता त्याच्या नावाने या अंगणात कोणी आलं तरी ते भूत. त्याला जागा नाही, भाकरी नाही. त्याच्या तोंडाकडे बघेल त्याच्या मागे मरण लागेल.”

सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो. चांगलं मोठ्याने.

जेवताना माणसं येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होती. “ओबुरा, मर्द निघालास!” खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. किती वर्षांनी मी केलेल्या कामाला कोणी बरं म्हटलं!

वहिनी मात्र माझ्याशी बोलली नाही. दुःखात असेल.

रविवार, ३० मार्च

चारशे बारा पर्यटक. पाणघोड्यांच्या धोक्याच्या पाट्यांपलीकडे जाऊन एक जण अंघोळ करत होता, साबण लावून! मी ओरडलो तर म्हणतो, “सरोवर काय तुझ्या बापाचं?” नाही. पण माझ्या पुतण्याचं आहे, तो आत आहे, असं तोंडावर आलं होतं.

बायकांच्या संडासातला आरसा कोणीतरी काढून नेला. स्क्रूसकट.

शुक्रवार, ४ एप्रिल

ओडेरोची झोपडी मोडली. बायको दिराकडे राहायला गेली. जाताना म्हणे मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतं.

वहिनी मासे वाळवायला आली नाही. कुंपणापलीकडे वाळू रिकामी. एरवी त्या वासाने मला मळमळायचं.

बुधवार, ९ एप्रिल

साहेबांनी बोलावून सांगितलं, पाटीवर पंधरावा नियम घाला: ‘कर्मचाऱ्यांशी सौजन्याने वागावे’. मला हसू आलं. पंधरा काय, पन्नास घाला. वाचतंय कोण!

शनिवार, १२ एप्रिल

सकाळी फाटकावर पहिला माणूस. हाडांचा सापळा, दाढी वाढलेली, अंगात कोणाचातरी ढगळ शर्ट. “काका, मला ओळखलं नाहीत?”

ओडेरो.

पेट्रोलच्या रिकाम्या कॅनला धरून दोन दिवस वाहत गेला. लांबच्या बेटावर लोकांनी ओढून घेतलं. महिनाभर तापाने पडून होता. फोन पाण्यात गेला, नंबर एकाचाही पाठ नव्हता. बरं वाटताच माशांच्या लाँचवरून आला. तडक इथे. कुणाशी बोललेला नाही. हसतोय.

म्हणाला, “फाटक उघडा काका. आतल्या वाटेने घर जवळ पडतं. आई चुलीपाशी असेल, मागून जाऊन डोळे झाकतो तिचे.”

मी त्याला बाकावर बसवलं. थर्मासमधला चहा दिला. म्हटलं, नियम आहे बाळा, आठच्या आधी कोणाला आत सोडता येत नाही.

आठला पाच मिनिटं कमी आहेत.