बोटीवरून उतरलेला संसार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला एव्हाना थांबला असेल. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात मी इतकी चिडलेय, की सकाळपासून दोन कप फोडले (एक चुकून).

रविवारी लेकीच्या लग्नात तिच्या बाबांना दोन शब्द बोलायचे आहेत, हे तुला ठाऊकच आहे. जगातले बाप काय बोलतात? "सुखाने संसार करा," आणि खाली बसतात. पण आमच्या यांनी तीस वर्षं गोदीत बोटींवरचा माल उतरवून घेतला, त्यामुळे खोका फोडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय काहीही पुढे जाऊ द्यायचं नाही, ही खोड. त्यांनी 'संसार' हा शब्दच फोडला. म्हणे मूळ संस्कृत, अर्थ सतत सरकत, वाहत राहणं. (हे सांगताना स्वतः आरामखुर्चीत. वाहत मी होते, स्वयंपाकघर ते बाहेरची खोली.) जन्ममरणाचा फेरा तोही हाच. लग्नात मरण! मी म्हटलं, पुढे चला. तर हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग. असू दे, शोभेसं आहे. आपल्याकडे मात्र भांडीकुंडी, गाद्या आणि त्यात गुदमरलेली एक बाई. (हे त्यांनी नाही, मी सांगितलं.)

इथवर मी सोसलं. पण मग बोटींवरच्या ओळखी निघाल्या. कुठल्याशा मलय खानसाम्याने यांना सांगितलं होतं, की त्यांच्याकडे हाच शब्द 'सेंगसारा' झाला आणि त्याचा अर्थ हालअपेष्टा! थाई भाषेत 'सोंगसान', म्हणजे कीव येणं. ताई, विचार कर. समोर व्याही आणि विहीणबाई, त्यातून विहीणबाई हसणार तेही तोलूनमापून, आणि मुलीचा बाप माइकवरून सांगणार, की मुलांनो, तुमचे हाल आजपासून सुरू, आम्हाला तुमची कीव येते! लेक म्हणाली, "आई, बाबांना आवर, नाहीतर मी हॉलवर येतच नाही." आणि ती खरंच येणार नाही. ती कोणावर गेलीय, ते तुला माहीत आहे.

मी समजावलं, ओरडले, शेवटी अबोला धरला. त्याचा उपयोग नाही, कारण तो यांच्या लक्षातच येत नाही. उलट परवा म्हणाले, "मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं, गप्पा. ऐकतेस ना?" बोलणं! ज्या माणसाने जन्मभर घरात शिरल्यावर "जेवायला काय आहे" याच्यापलीकडे एक वाक्य उतरवलं नाही, त्याने हे मला सांगावं? तो अर्थ आमच्या बंदराला कधी लागलाच नाही.

म्हणून हे पत्र. तू पहिल्या रांगेत बस. ते हालअपेष्टांच्या जवळ आले, की जोरात टाळ्या वाजव. लोकांचं काय, एकाने वाजवली की सगळे वाजवतात, आणि मग बोलणाऱ्याला बसावंच लागतं. एवढं कर, माझी आणि लेकीची अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझी धुमसणारी,
धाकटी

ता. क. भाऊजींनी "वन्स मोअर" म्हणू नये. त्यांची सवय मला माहीत आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात यांनी राहिलेलं भाषण म्हणून दाखवलं. शेवटी तमिळ आहे. तिकडे बोलताना संसारम् म्हणजे नुसती बायको. जग नाही, हाल नाहीत, बायको. एवढं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाचायचंच सोडलं. कागद हातात तसाच धरून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. असा संताप आला मला! भरल्या हॉलमध्ये असं झालं तर? लेकीला मी समजावते, विहीणबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. तू मात्र तमिळ होईपर्यंत टाळ्या वाजवू नकोस. आणि कोणी आधी वाजवायला लागलंच, तर त्याचे हात धर.