सत्तेचाळीसावं पान

मंगळवार, दिवेलागण. गोरेगाव, आमचं विदर्भातलं.

माझ्याच हातानं फाडलं! आमच्या किराणा दुकानातल्या रद्दीत आठ पायांच्या कोळ्यांवरचं पुस्तक सापडल्यापासून माझं ध्यान ठिकाणावर नाही. गिऱ्हाईक समोर आणि माझी नजर छताच्या जाळ्यावर. आज शेचाळीसावं पान वाचता वाचताच समोरचं सत्तेचाळीसावं फाडून शेजारच्या काकूंना त्यात जिरं बांधून दिलं. लेखिकेच्या न्हाणीघरातली कोळीण पिल्लं निघेपर्यंत जगली की नाही, ते त्याच पानावर होतं. एकोणपन्नासवर भलताच कोळी सुरू होतो. धावत गेले, तर काकू म्हणतात, "कागद तं चुलीत गेला नं वं. काऊन? असं काय होतं त्याच्यात?"

सत्तेचाळीस. त्यांच्या चुलीपुढंच रडू फुटलं मला. काय होतं, तेच तर वाचायचं होतं.