बिस्किट, पावडर आन माह्या घरातला आवाज

प्रिय रिना,

पंधरा दिवस म्हणली होती तू. पंधरा दिवस! दिवाळी झाल्यावर गेली, आता शिवरात्र तोंडावर आली, आन तुह्ये ते दोन उंदीर अजून माह्या मधल्या खोलीत बसून आहेत. उंदीर नाई आई, चिंचिला, असं तू दहादा सांगितलं. मी उंदीरच म्हणते. पुण्यात नवीन खोली भेटली का घेऊन जाईन म्हणली होती, आता पुण्यातल्या साऱ्या खोल्या संपल्या का काय? गवताचं पाकीट मात्र तुह्यं कुरियरनं बरोबर येते. पाकिटावर तुह्यं नाव असते. आतमंदी गवत असते, दुसरं काई नसते. मी तरीबी पूर्ण उलटं करून पाहते.

तू रागात गेली ते मले मालूम आहे. बाप जाऊन तिसरा दिवस आन मायनं टीव्ही एवढा मोठा लावला का चौकात ऐकू जाये, असं तू कांताजवळ बोलली. कांता माह्या शेजारची आहे, तुह्यी नाई, तिनं मले सांगितलं. मी रडली नाई असंबी तू बोलली. नाई रडली. अजूनबी नाई रडली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून त्यायले आणलं तवापासून असंच आहे. सैपाक करते, जेवते, झाडते, निजते. तुह्या बापाचा फोटो बाबासाहेबाच्या फोटोखाली लावला, त्याले रोज पुसते. डंपरवरची त्यायची खाकी पँट खुंटीवरून काढाची राह्यली, ती काढत नाई, असं काई ठरवून नाई, हात जात नाई एवढंच. बरं ते जाऊ दे. मले जनावराचं बोलाचं आहे.

तू सांगून गेली का यायले आवाज चालत नाई. मी मनात म्हटलं, मंग गडचांदूरले काऊन आणले? इथी दिवसा दोनले खदानीत ब्लास्टिंग होते, तं फळीवरचे गिलास चालाले लागतात. तुह्ये लाडके दिवसभर झोपते आन रात्री नाचते, म्हणजे त्यायची ऐन झोपेची वेळ आन खदानीची वेळ एकच. पहिल्याच आठवड्यात मी मिक्सरमंदी जवसाची चटणी काढाले बसली, तं तो बिस्किट पिंजऱ्यात असा उडाला का जाळीवर डोकं आपटलं. मी धराले गेली. तं माह्या मुठीत केसाचा पुंजकाच आला! जनावर तिकडं, केस इकडं. मले वाटलं मेला. कांता दारात उभी होती, म्हणते कशी, काय वं बायनाबाई, यंदा कापूस घरातच काढला का? मी तिले झाडूच दाखवला. मंग तूच फोनवर सांगितलं म्हणे का ते भेले का आपलेच केस सोडतात, पकडणाऱ्याच्या हाती केस राह्यतात आन जीव निसटून जाते. तू सांगितलं ते कांतानं ऐकलं, फोन तिच्या हातात होता.

मले सबुरी नाई, हे तुले लहानपणापासून मालूम आहे. पण यायच्यासाठी घर बदलवलं. पिंजरा टीव्हीच्या भिंतीवरून काढला आन मधल्या खोलीत धान्याच्या कोठीआड ठेवला, तिथी तीन बाजूनं भिंत आहे. कुंभाराकडून दोन मडके आणले, तोंड फोडून मोठं केलं, कडा घासल्या, आन आडवे ठेवले. मडक्यात आवाजबी कमी जाते आन थंडबी राह्यते. पहिले तं ते त्याच्याकडे पाहेच नाई. मंग मी त्यात त्यायच्या वासाचं गवत टाकलं, दुसऱ्या दिवशी दोघंही एकाच मडक्यात, दुसरं रिकामं. खिडकीले तुह्या आजीची गोधडी लावली. पुरा पिंजरा मात्र झाकत नाई, हवा लागते त्यायले. मिक्सर कांताच्या घरी नेऊन ठेवला, आता चटणी पाट्यावर वाटते. कुकर मागच्या चुलीवर. स्टीलच्या घमेल्यात भांडे टाकाची सवय होती, ती सोडली, खाली पोतं आंथरते. कांता म्हणते, पोरीच्या बाळंतपणाले एवढं नाई केलं कोणी. म्हटलं पोरगी लगन करन तं बाळंतपण करीन ना.

तिनं आणखी एक अक्कल काढली होती. तुह्ये उंदीर राखेत आंघोळ करते ना, तं म्हणे पुण्याची राख काऊन लागते, इथी कारखान्याची सिमेंटची धूळ फुकट पडते वरतून, ताटभर जमा कर. मी हाकललं तिले. ती धूळ डोळ्यात गेली तं काय होते ते आपल्याले मालूम आहे.

राह्यली खदान. ती काई माह्या म्हणण्यानं बंद होत नाई. तुह्या बापानं उभा जन्म तिथी डंपर चालवला, त्यायच्या म्हणण्यानं नाई झाली. मंग मी असं केलं. ब्लास्टिंगच्या आधी भोंगा होते. घड्याळात त्याची वेळ झाली का मी पिंजऱ्यापाशी जाऊन बसते आन दोघायले तू ठेवून गेलेल्या वाळलेल्या फुलाची एकेक पाकळी देते. जास्त नाई, पोट बिघडते. ते दोन हातात धरून खातात, म्हाताऱ्या माणसावानी. तेवढ्यात जमीन हालते. पहिले पाकळी टाकून पळे. आता बिस्किट पळत नाई, खाता खाता थांबते, कान उभे करते, आन पुन्हा खाते. भोंगा म्हणजे खाऊ, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यायच्या कानाकडे पाहून पाहून मलेच सवय लागली. कान दाराकडे फिरले का मी दाराकडे पाहते, तं कोणीतरी उभं असतेच. कुत्रं काय राखण करन अशी राखण करते.

बिस्किट सुधरला, पण पावडर नाई. ती मडक्यातून निघेना, गवत खायेना, लेंड्या बारीक झाल्या. मी सारं बंद केलं होतं रिना, मिक्सर, कुकर, भांडे, सारं. विहारातलं स्पीकरबी बंदच पडलं आहे, सकाळची वंदना महिनाभरात आली नाई. विहाराचं पाहणाऱ्या संघपालले म्हटलं, चंदा घेता मंग दुरुस्त कराले काय होते? तं तो नुसता माह्या तोंडाकडे पाहत राह्यला. सांगाचं हे का घरात आवाज उरलाच नव्हता. एवढं चुपचाप घर मी जन्मात पाह्यलं नव्हतं. आन तरी ती पोरगी थरथरे. मी जवळ जाऊन समजावे, बाई खाऊन घे, बाई मरशीन, तं आणखी आत घुसे.

तं मंगळवारी तिले टोपल्यात घातलं, सोबतीले बिस्किट, वरतून ओला फडका, आन कांताले घेऊन एसटीनं चंद्रपूरले गेली. जनावराचा डॉक्टर पोरगाच होता. चिंचिला त्यानं जन्मात पाह्यला नव्हता, मोबाईलमंदी पाहून पाहून तपासलं. दात पाह्यले, पोट दाबलं, म्हणे बिमारी काई नाई, भेलेली आहे. घरात कोण आवाज करते? म्हटलं कोणीच नाई, मालक गेले, पोरगी पुण्याले, मी आन हे दोघं. तो काईतरी बोलला. मी म्हटलं आँ? पुन्हा बोलला. मी पुन्हा आँ. मंग त्यानं टोपल्याकडे बोट केलं. दोघंही फडक्याखाली एकमेकाच्या पोटात घुसले होते. आन दवाखान्यातले सारे लोक, शेळ्या कुत्रे घेऊन आलेले, माह्याकडे पाहून राह्यले होते. तो उठला आन माह्या मागं गेला. तिथी जाऊन त्यानं टाळी वाजवली, हे मले कांतानं सांगितलं. पावडर उडाली. मी नाई उडाली.

मंग माह्या कानाजवळ तोंड आणून म्हणे, बाई, घरातला आवाज तुम्ही आहात, तुम्ही ओरडून बोलता. तुमचे कान दाखवा कोणाले. अठरा वर्षं गिट्टी क्रशरवर काढली, तिथी बाजूच्या बाईले पाणी मांगाचं तं हातानं इशारा करावा लागे, हे मी त्याले सांगितलं. ओरडूनच सांगितलं असन. जनावराच्या डॉक्टरनं माह्यी बिमारी काढली! कांता एसटीत हासत होती, मंग हासता हासता रडाले लागली. म्हणे आमाले सारं मालूम होतं, तुले सांगाले तोंड नव्हतं. म्हणजे विहाराचं स्पीकर चालूच आहे. आता मी पावडरीपाशी तोंड उघडत नाई. हात ठेवून बसते नुसती. दोन दिवसानं ती बाहेर आली आन माह्या बोटाले दात लावून पाह्यले. खाते आता.

पण हे इथी राहू शकत नाई. पुढच्या महिन्यात ऊन चढन. यायले गरमी सोसत नाई, तूच सांगितलं. आपल्याकडे मे महिन्यात माणसं मरतात. कूलर लावला तं त्याच्या घरघरीनं ही पोरगी पुन्हा मडक्यात जाईन, नाई लावला तं मडक्यातच शिजन. मले दोन्ही पाहाचं नाई. या घरातून मी एक माणूस नेतांना पाह्यलं, तेवढं पुरे. पुण्यात थंड हवेच्या मशीनची खोली पाह्य आन ने त्यायले. ते गेले का दारात कोण आलं ते मले समजणार नाई, ते माह्यं मी पाहीन.

आता ऐक, यासाठीच लिहाले बसली, चौथीपर्यंतचं अक्षर आहे, समजून घे. तू फोनवर काय विचारे ते मले ऐकू येतच नव्हतं, मी अंदाजानं भात झाला, जेवण झालं असं बोले आन ठेवून दे. तुले वाटलं माय तोडून बोलते. तिसऱ्या दिवशी टीव्हीबी मले ऐकू येत नव्हता, म्हणून वाढवत गेली. तो आवाज तुले आला, मले नाई. ते सोड. पण दोन-तीन वर्षांपासून तुहा बाप घरात कमी बोले. मले वाटे, माणूस थकला, म्हातारपणी चुप झाला. मीबी बोलाची नाई मंग, एकमेकासमोर बसून जेवाचो आन निजाचो. आता मले समजते का तो चुप नव्हता. त्याचं तोंड हाले ते मले आठवते, मी समजे का घास चावून राह्यला. तुले तं तो रोज संध्याकाळी अंगणात खाट टाकून फोन करे, अर्धा अर्धा घंटा. तुले त्याचं सारं मालूम असन. तं तू स्वतः ये, उंदीर न्याले दुसऱ्या कोणाले पाठवू नको. आली का दारातून हाक मारू नको, सामनून ये. माह्या डाव्या कानाजवळ बस, तो थोडा बरा आहे, आन तुहा बाप काय काय बोले ते मले पहिल्यापासून सांग. माह्याबद्दल वाईट बोलला असन तं तेबी सांग. फोन करू नको. येते का नाई ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वीस तारखेच्या आत पाठव, गवताच्या पाकिटात टाकलं तरी चालन, मी पाकीट उलटं करून पाहतेच.

तुह्यीच, आता हळू बोलणारी
माय