चर्चच्या दारात काढलेले बूट

रविवार संध्याकाळ, स्टेट कॉलेज गाव, अमेरिका

काही कळेनासं झालंय. थिसिससाठी इथल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये तापमानाचे सेन्सर लावलेत. तिथलं हीटिंग कसं सुधारायचं ते मला सांगायचंय. आणि आज दारातच मी सवयीने बूट काढले! वेडपट आहे मी. डाव्या मोज्याला भोक, त्यात फरशी बर्फासारखी. सेन्सर मात्र अडुसष्ट फॅरेनहाइट दाखवत होता, म्हणजे वीस सेल्सिअस, मस्त ऊब.

प्रार्थना संपल्यावर मार्गारेट नावाच्या एका आजींना ‘इथली ऊब कशी वाटते?’ असं विचारणारा माझा फॉर्म दिला. त्यांनी ‘आरामदायक’वर खूण केली आणि मग त्यांचं लक्ष माझ्या मोज्याकडे गेलं.

“बूट कुठेत तुझे?”

म्हटलं, आमच्याकडे देवापुढे बूट घालून जात नाहीत.

त्या वाकल्या, स्वतःचे बूट काढले, पाय फरशीला टेकवले. “बाप रे, केवढं गार!”

“मग फॉर्मवरचं उत्तर बदलू का?”

“नको.” आणि डोळे मिटून तशाच बसून राहिल्या.

आता रिपोर्टमध्ये काय लिहू? फरशी गार आहे, हे तर नक्की. मोज्यातून बाहेर आलेला अंगठा अजून बधीर आहे. पण मग मीही त्यांच्या शेजारी तसाच का बसलो?