काजव्याने नापास केलेलं घर

सोलापूर, मंगळवार

धनाजीराव यांस दाजींचा नमस्कार. कुर्डुवाडीत सगळे धडधाकट असतील, सासूबाईंचा गुडघा रुसवा सोडून वाकत असेल, असं धरून आधी तक्रार नोंदवतो. तुमच्या भाचीने, म्हणजे आमच्या वैजयंतीने, माझा तांब्या नापास केला. शाळेत संस्कृत शिकवायला लागलो तेव्हापासून त्यातून पाणी पितो, रोज चिंचेने घासतो. त्यावर तिने एक ओली काडी फिरवली आणि दोनशे बारा दिले. (हे गुण नव्हेत. तिसाच्या आत हवेत.)

कारण तुम्ही जाणताच. गुरुवारी कस्तुराबाई दवाखान्यातून घरी येते. माझं डावं मूत्रपिंड तिच्या पोटात बसून महिना झाला (लग्नानंतर माझी एवढी एकच वस्तू तिने नावं न ठेवता घेतली), आणि ते टिकावं म्हणून औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. जंतू आता परवडणार नाहीत. म्हणून वैजयंतीने तिच्या डेअरीच्या प्रयोगशाळेतून, साहेबांना विचारून, रिमोटएवढं यंत्र आणलं. काडी वस्तूवर फिरवायची, नळीत बुडवायची. नळीत काजव्यात असतं तसलं द्रव्य. जंतू असोत की खरकटं, काडीला लागलं असेल तर नळीत उजेड पडतो आणि यंत्र तो मोजतं. अंधारातून उजेडाकडे जा, असं पोरांना जन्मभर शिकवलं. इथे उजेड म्हणजेच घाण!

चार दिवस घासून रविवारी कस्तुराबाईची खोली अठरावर आणली. पलंगाची कड तर नऊ! सोमवारी सकाळी तिच्या नावाने देवाला अभिषेक केला, आणि घर शुद्ध व्हावं म्हणून ते तीर्थ आंब्याच्या पानाने खोलीभर शिंपडलं. उशाशी जरा जास्तच. दुपारी वैजयंतीने शेवटची काडी फिरवली. नऊशे चाळीस. ती यंत्र झटकू लागली, मीही आधुनिक शास्त्राला चार शब्द सुनावून घेतले. मग तिने पलंगाला बोट लावलं. ते चिकटलं.

"बाबा, पंचामृत शिंपडलंत?"

"शुद्धीसाठी."

"दूध, दही, मध, साखर! जंतूंना जेवायला बसवलंत तुम्ही."

(मुंग्या आधीच पंगतीला बसल्या होत्या.) फोनवर हे ऐकून कस्तुराबाई टाके धरून इतकी हसली की नर्स धावत आली. "मास्तर, मूत्रपिंड दिलं त्ये बरं केलं. डोकं दिलं न्हाई, त्ये लई बरं केलं की!"

आज पुन्हा अकरावर आलोय. साबणाने.

तुमचा दाजी,
ज्ञानबा

ता. क. शनिवारी तुम्ही सगळे जीप भरून भेटायला निघणार असं कळलं. आजारी माणसाला बघायला जाणं हा आपला धर्म, पण तीन महिने कुणी येऊ नका. सासूबाईंना तुम्हीच सांगा. जावयाने सांगितलं तर अपमान होतो, लेकाने सांगितलं तर काळजी.

आणखी एक. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. पण तिच्या शरीराने माझं मूत्रपिंड नाकारलं तर? मला त्याची फार भीती वाटते, धनाजीराव. तिला हे सांगितलेलं नाही.