एक डिझाइन, सहा कलरचं हवाई दल

नवागाम, सुरत

ती. रघुनाथमामा यांच्या चरणी भाचा सुशांतचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामींचा राग उतरला असेल तर त्यांनाही नमस्कार. (उतरला नसेल तर हे पत्र पोहोचलंच नाही असं समजा.) मी मजेत. विमानतळाजवळच्या इच्छापोरची नोकरी सोडली, कारण तिथे डोक्यावरून विमानं जायची आणि माझं मशीनकडे लक्षच राहायचं नाही.

त्या विमानांच्या गप्पा ऐकूनच गणेश मंडळानं यंदाचा देखावा माझ्या गळ्यात घातला, ‘उद्याचं हवाई दल’. अध्यक्ष पंडितकाका, म्हणजे नीलमचे वडील. (नीलमबद्दल मामींनी सांगितलं असेलच.) ते म्हणाले, “पोरगा एक काम तरी शेवटाला नेतो का, ते बघू. मग पुढचं बोलू.” पुढचं म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच.

आता मांडव एवढासा, आणि विमानं प्रत्येकाला आपापली हवीत. पोरांना नुसती लढाऊ. पंडितकाकांना नुसते ड्रोन, कारण पायलटचा खाण्यापिण्याचा खर्च वाचतो. तेवढ्यात उषाबाई (आमचा डबा त्यांच्याकडे, हल्ली रोज गवार, ते असो) कडाडल्या, “पुरात आम्ही गच्चीवर अडकलो, तेव्हा दुधाच्या पिशव्या तुमच्या ड्रोननं टाकल्या का हो? हेलिकॉप्टर पाहिजे!” शेवटी मी तुमचं नाव काढलं. म्हटलं, माझे मामा हवाई दलात होते, ते सांगतात की ताटात नुसती भाजी वाढून भागत नाही, वरण-भात-पोळी सगळं लागतं. लगेच ठरलं : सहा लढाऊ, दोन मालवाहू, दोन हेलिकॉप्टर, उरलेल्या जागेत ड्रोन.

थर्माकोलवर कापड चढवायचं काम साड्यांच्या लूमवाल्या भिकनभाऊला दिलं. “सहा लढाऊ, एकाच डिझाइनची,” एवढं सांगून मी जरा डुमसच्या चौपाटीवर भजी खायला गेलो. (टोमॅटोची. तुम्ही आलात की जाऊ.) परत येऊन बघतो तर एक राणी, एक मोरपंखी, एक गाजरी, एक पोपटी, एक जांभळं, एक हळदी! मालवाहू विमानांना जरीचा काठ. भिकनभाऊ शांतपणे म्हणाला, “भाऊ, एक डिझाइन म्हणजे सहा कलरना सेट. सुरतमा सुटं काय चालस?”

पंडितकाका राणी कलरच्या विमानासमोर बराच वेळ उभे होते. “हे शत्रूला दिसणार नाही का?” मी म्हटलं, हे उद्याचं नियोजन आहे काका, मामाच समजावतील.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा,
सुशांत

ता. क. : म्हणजे रविवारी उद्घाटनाला तुम्ही यायचं आहे. तुम्ही विमान चालवायचात असं मी सांगून बसलोय. रंग बघून गंभीरपणे मान हलवली तरी पुरे.

आणखी ता. क. : तुम्ही हवाई दलाच्या मेसमध्ये आचारी होतात, हे फक्त नीलमला सांगितलं. वाटलं, आता संपलं. तर ती म्हणाली, “मग आधी का नाही सांगितलं? महाप्रसादाचा आचारी पळालाय, बाबांचं डोकं फिरलंय. मामांनी पंगत निभावली तर बाबा रंगांचं नावसुद्धा काढणार नाहीत.” तेव्हा युनिफॉर्म राहू द्या, मोठा झारा आणा.

शेवटचा ता. क. : भाजी कुठलीही करा, गवार सोडून.