खड्डे खणणारा जावई

तीर्थस्वरूप ताईस,

कमरेने परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार. तुझा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की मला सांगतेस तसं नुसतं ‘करते, करते’ म्हणतेस? वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी भर दुपारी कपाट सरकवायचं थांबवलं का? (मला अजूनही वाटतं, त्या घरात एकच कपाट आहे आणि त्याला कुठलीच जागा पसंत पडत नाही.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते म्हणून लिहितो, सगळं ठीक आहे. आता जे ठीक नाही ते लिहितो. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस.

मुद्दा असा की तू लगेच निघून ये आणि पोरीचं लग्न मोड. म्हणजे ते अजून ठरलेलं नाही. ठरायच्या आत मोड. मीच मोडलं असतं, पण तिच्यासमोर माझ्या तोंडून ‘नाही’ हा शब्द आजवर निघालेला नाही, हे तुला माहीत आहे, आणि तिला तर चांगलंच माहीत आहे. मंगळवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, एक मुलगा आहे. मी म्हटलं, असेल, जगात पुष्कळ आहेत. ती म्हणाली, तसा नाही, मला लग्न करायचंय तसा. अर्ध्या गालाला साबण लावलेल्या माणसाला कडक होता येत नाही. मी एवढंच विचारलं, की करतो काय. तर म्हणे, गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि त्या गेममध्ये जी भुयारं असतात त्यांतले खड्डे आणि सापळे तो करतो. ताई, हे वाक्य पुन्हा वाच. मी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ‘खड्डा, खड्डा, अहो खड्डा!’ असं ओरडण्यात घालवला, आणि माझा जावई पोट भरणार खड्डे खणून!

भेटायचा प्रश्नच येत नाही असं मी म्हणणार होतो, पण तिने मला माझ्याच बोलण्यात पकडलं. माणूस स्टिअरिंगवर बसला की पहिल्या वळणाच्या आत त्याचा स्वभाव कळतो, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. (तुलाही सांगितलंय. तू विचारलं होतंस, मग माझा कळला का, आणि मी विषय बदलला होता.) तर ती म्हणाली, बाबा, तो गाडी चालवत नाही, सायकलने जातो, पण त्याने केलेलं भुयार आहे. रविवारी तो चहाला येणार आहे, तोपर्यंत त्यात उतरून बघा आणि मग सांगा कसा माणूस आहे ते. एवढं बोलून तिने गेम खेळायचं यंत्र टीव्हीला जोडलं, दोन शिंगांचा तो कंट्रोलर माझ्या हातात कोंबला आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला निघून गेली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ती कोण तपासणार? आज शनिवार. म्हणजे हे पत्र तुला वेळेवर पोचणार नाही हे मला कळतं, पण हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय.

आता खेळाविषयी. आत शिरण्याआधी आपला माणूस आपणच घडवायचा असतो. नाकंच इतकी दाखवतात की माझी सकाळची पहिली शिकवणी नाकात गेली. मग धंदा विचारतात. ड्रायव्हिंग शिकवणारा असा धंदा यादीत नव्हता. मी योद्धा व्हायला गेलो, अंगठा घसरला आणि चोर झालो. परत फिरता येत नाही, तशी सोय नाही. नाव विचारलं तेव्हा ‘सर’ असं लिहिलं, कारण गाडीत सगळे तेच म्हणतात. त्याचा परिणाम असा झाला की मी दार उघडलं, पहिलं पाऊल टाकलं, पायाखालची जमीन खरोखरच सरकली, आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘सर, तुमचा मृत्यू झाला आहे.’ एवढ्या अदबीने माझ्याशी आजवर एकही शिकाऊ बोललेला नाही.

दुसऱ्या खेपेला तो खड्डा उडी मारून ओलांडला. पलीकडे दुसरा होता. तिसऱ्या खेपेला दोन्ही ओलांडून एका चौकापर्यंत पोचलो (हो, भुयारातही चौक असतात, फक्त सिग्नल नसतो). पोरीने जाताना बजावलं होतं, की चौकात सापळ्याला जपा. म्हणून मी खाली फरशीकडे डोळ्यांत तेल घालून बघत उभा राहिलो, तर उजवीकडून नुसत्या हाडांचा एक सापळा चालत आला. आपल्या भाषेने या दोन गोष्टींना एकच शब्द का ठेवला, ते भाषेलाच माहीत. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी, आणि थांबलो. तो थांबला नाही. ‘सर, तुमचा मृत्यू झाला आहे.’

आमच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो, तुला दाखवला होता मी. खेळताना माझा पाय सारखा तो ब्रेक शोधतो. सोफ्यापुढची सतरंजी त्या जागी विरायला लागली आहे. मेलो की मला बसवत नाही. उठतो, स्वयंपाकघरात जातो, फ्रीज उघडतो, काय हवं होतं ते आठवत नाही म्हणून बंद करतो, गॅलरीत जातो, खाली लावलेल्या गाड्या कशा वाकड्या लावल्यात ते बघतो, परत येतो, मरतो, पुन्हा फ्रीज. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा त्या फ्रीजचं दारच जास्त दमलंय.

पण खरा संताप पुढे आहे. पहिल्या मजल्याच्या टोकाला एका पिंजऱ्यात म्हातारी कोंडलेली आहे. ‘बाळा, सोडव रे मला’ असं इतक्या काकुळतीने म्हणते की चोर असूनही मला पाझर फुटला. किल्ली कोळ्यांच्या खोलीत. किती वेळा मेलो ते विचारू नकोस. शेवटी किल्ली आणली, कुलूप काढलं, म्हातारीने तोंडभर आशीर्वाद दिला, आणि दिवा गेला. दिवा परत लागला तेव्हा म्हातारी नव्हती, आणि माझ्या पायांतले बूटही नव्हते! चांगले, जाड तळव्यांचे बूट, भुयारातल्या दुकानदाराशी घासाघीस करून घेतलेले. मी ताडकन उभा राहून टीव्हीला नाही नाही ते बोललो. बायको शेजारी मटार सोलत बसली होती.

“अहो, कुणाशी भांडताय?”

“जावयाशी.”

“झाला का जावई?” असं म्हणून ती मटारांकडे बघून हसली. सोलणाऱ्या बाईला मटारांकडे बघून हसायचं काय कारण असतं, सांग.

या सगळ्याने माझी धंद्यातली शिस्त बिघडली आहे. सध्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे शिकतात. परवा त्यांना बोळातून गाडी काढताना मी गंभीरपणे म्हणालो, उजव्या भिंतीला हात लावून चला, आणि हाडं वाजली की दिवा विझवा. बाईंनी गाडी कडेला घेतली (इंडिकेटर देऊन, हे कबूल केलं पाहिजे), माझ्याकडे वळल्या आणि मला तोंड उघडून जीभ दाखवायला सांगितली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहितो. काल दुपारी माझ्या लक्षात आलं की खड्ड्याच्या अलीकडची फरशी जराशी ओली दिसते. थेंबभर चमक, बस्स. मी परत मागे गेलो आणि सगळे खड्डे तपासले. प्रत्येकापुढे ती चमक होती. ज्या पहिल्या पावलाला मी मेलो, तिथेसुद्धा होती. मीच मान वर करून शिरलो होतो. म्हणजे हा पोरगा खड्डा खणतो, पण आधी पाटी लावतो. आमच्या रस्त्यांवर खणणाऱ्यांनी एवढं केलं असतं तर माझे निम्मे केस अजून काळे असते. पण मग बुटांचं काय? बुटांची पाटी कुठे होती? भल्या माणसाच्या पायांतले बूट काढणारी म्हातारी ज्याच्या डोक्यातून निघते, त्याच्या घरी माझी पोरगी जाणार नाही. माझा निर्णय पक्का आहे.

(इथवर काल लिहिलं. आज रविवार, संध्याकाळ. तो येऊन गेला.)

दारात उभा राहिला तेव्हा एका हातात हेल्मेट आणि एका पायाची पँट मोज्यात खोचलेली. बस म्हणेपर्यंत बसला नाही. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकला, म्हणजे माझ्यासारखाच. बायकोने आई-वडील, भावंडं, प्रकृती वगैरे चौकशी केली. मी बरेच प्रश्न काढून ठेवले होते, पण तोंडातून वेगळंच निघालं.

“माझे बूट कुठे आहेत?”

बायकोला वाटलं मी दाराजवळच्या कपाटाबद्दल विचारतोय. ती उठायलाच लागली. पोरगा मात्र सरळ बसला.

“काका, तुम्ही म्हातारीला सोडवलंत?”

“सोडवलं.”

“किल्लीसाठी कोळ्यांच्या खोलीत गेलात?”

“पुन्हा पुन्हा गेलो.”

त्याने आमच्या पोरीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, बाहेर काही नव्हतं. “बहुतेक जण तिला तशीच ठेवून पुढे जातात, काका. ऑफिसात सगळे म्हणत होते, काढून टाक ती म्हातारी, कुणी थांबत नाही तिच्यासाठी.”

“आणि जो थांबेल त्याचे बूट पळवायचे?”

“खालच्या मजल्यावर एक राक्षस झोपलाय. तो बुटांच्या आवाजाने उठतो. अनवाणी माणूस त्याच्या उशाजवळून निघून जातो, त्याला कळतही नाही. म्हातारी खालूनच आलेली आहे, तिला ते माहीत आहे.”

मी म्हटलं, “मग तसं सांगून घ्यावेत.”

“सांगितलं तर कोण देईल, काका?”

चहा झाला. मग त्याने, कपाचा कान धरून ठेवत, सांगितलं की त्याची कंपनी आता समुद्रापलीकडे चालली आहे आणि लग्न झालं की दोघांना तिकडे जावं लागेल. पोरीच्या डिग्रीला तिकडे मागणी आहे म्हणे. विमानाने जायचं. मी म्हटलं, छान. मग खिडकी उघडली. मग वारा आला म्हणून बंद केली. मग पुन्हा उघडली, कारण वारा बरा होता.

असो. एकंदरीत घाई नको असं माझं मत आहे. तू अनुभवी आहेस, विचार कर आणि कळव. खांद्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वर जे लग्न मोडायला सांगितलं आहे ते मोडू नकोस. त्याला निरोप द्यायला खाली गेलो तेव्हा मी ‘हो’ म्हटलं. सायकलचं कुलूप काढताना त्याला किल्ली लागेना, तेव्हा मीच काढून दिलं आणि त्या ओघात बोलून गेलो. पत्राची वरची पानं तशीच राहू देतो, पुन्हा लिहायला बसवत नाही.

ता. ता. क. खरं काम राहिलंच. राक्षसाच्या उशाजवळून मी अनवाणी निघून गेलो, अगदी सुखरूप. पण पुढे दोन डोक्यांचा एक पहारेकरी आहे आणि त्याच्यासमोर तीन माणसं लागतात. यंत्र ते दोघं आमच्याकडेच ठेवून जाणार आहेत. तुझी भावजय योद्धा झाली आहे (आधी हाणते, मग कोण होतं ते बघते), मी चोर आहेच, पण जखमा बांधणारं कोणी नाही. तू इतकी वर्षं वॉर्डात हेच केलंस. तर ते दोघं गेले की महिनाभर, किंवा जमेल तितके दिवस, इकडे येऊन राहा. हे केवळ खेळासाठी म्हणतोय, गैरसमज नको.

वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी. त्या पहारेकऱ्याला तीन माणसं लागत नाहीत. आज सकाळी हे गाडी घेऊन गेल्यावर मी त्याला एकटीने लोळवलं. ह्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पण कालपासून ह्यांनी एका जागी बसून चहासुद्धा घेतलेला नाही. पोरीच्या खोलीतला पंखा बंद आहे ना, हे सारखं बघून येतात. ती आत बसलेली असते, तिनेच लावलेला असतो, तरी बंद करून येतात, आणि ती पुन्हा लावते. तुम्ही याच. तोवर मी तो पहारेकरी परत उभा करून ठेवते.